उन्हाळीचा कोरडा वाफा

उन्हाळी हे काही कौतुकाचं झाड नव्हे. बांधावर, मुरमाड माळावर, रस्त्याच्या कडेला न बोलावता उगवणारं गुडघाभर झुडूप. फुलं जांभळट गुलाबी, वाटाण्याच्या फुलासारखी पण त्याहून बारीक. दिघंचीतल्या जुन्या माणसांनी ते जन्मभर खुरप्यानं उपटून फेकलं होतं. त्यामुळे मोनाली पतंगेनं परसात खास वाफा करून उन्हाळी लावली तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या, यात त्यांची काही चूक नव्हती. शिलाईच्या मशीनवर बसून बसून हिचं डोकं फिरलं, असं त्या म्हणाल्या आणि आपापली ब्लाउजं तिच्याकडेच शिवायला टाकत राहिल्या.

पुढे हसू आपोआप थांबलं. माणदेशात पाण्याचा कोटा आला. वापरायचं पाणी नळाला एक दिवसाआड अर्धा तास, आणि पिण्याचं पाणी रोज सकाळी सात वाजता केंद्रावर अंगठा लावून, कॅनमध्ये. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता सगळं गेलं. दारातल्या तुळशीही पहिल्या दोन उन्हाळ्यांत वाळल्या. उघड्या पडलेल्या परसांतली माती उडून घराघरात, ताटात, डोळ्यात जाऊ लागली. तेव्हा बायकांच्या लक्षात आलं की सगळ्या गल्लीत हिरवा तुकडा एकच आहे, तो मोनालीचा, आणि त्याला ती पाण्याचा थेंब घालत नाही.

थेंब न घालणं हाच तिचा नियम होता. वर्षातून चार सरी पडतील त्या पडतील, बाकी काही नाही. वाफ्यात मुरूम, त्यावर सपाट दगड मांडलेले, भोवती दगडांचीच कड. आत पाय टाकायची कुणालाच परवानगी नव्हती, नवऱ्यालासुद्धा. दर वर्षी जी झुडपं जगली त्यांचं बी काढायचं, पेरण्यापुरतं ठेवायचं, बाकीचं तालुक्याच्या बीजपेढीला चाचणीसाठी पाठवायचं. अशी नऊ वर्षं.

हे तिला शिकवलं होतं सासऱ्यांनी. भगवान पतंगे सर, घरात अण्णा. हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. नाव भगवान आणि देवाशी उभा दावा. गावात कुणाच्या अंगात आलं की अण्णा तिथं थर्मामीटर घेऊन हजर. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये अंधश्रद्धेवरची त्यांची व्याख्यानं ऐकून दोन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या. बायको शालन मात्र रोज देवपूजा करायची. तो संसारही पंचेचाळीस वर्षं नीट चालला, कारण पूजा चालू असताना अण्णा पेपर वाचायचे आणि पेपर वाचून होईपर्यंत शालनचा नैवेद्य झालेला असायचा.

"झाडाला आठवण असते," अण्णांनी पहिल्याच वर्षी मोनालीला सांगितलं होतं. "जनुकं म्हणजे पुस्तक धर. तहान लागली म्हणून पुस्तकातला मजकूर बदलत नाही. पण झाड त्यावर पेन्सिलीनं खुणा करतं. ही ओळ आधी वाच, ही सोडून दे. त्यातल्या काही खुणा बियांत उतरतात. तहानलेल्या आईचं रोप जन्मतःच शहाणं असतं. पानांची छिद्रं लवकर मिटतं, मूळ सरळ खाली सोडतं. पिढ्यान्‌पिढ्या कोरडं ठेवलंस तर खुणा गडद होतील. आणि आयतं पाणी मिळायला लागलं की पुसट."

मोनाली बारावीपर्यंत शिकलेली. तिला हे एकदाच सांगावं लागलं. नऊ वर्षांची वही तिनं शिलाईच्या मापांइतक्या काटेकोरपणे ठेवली होती.

आणि आता बीजपेढीनं तिचा वाण निवडला होता. तालुक्यातल्या अकरा हजार परसांत उन्हाळी लावायची, माती धरून ठेवायची, तिच्या मुळांवरच्या गाठींनी ती सुधारायची, आणि त्या सगळ्याचं मूळ बी मोनालीच्या वाफ्यातलं. नोंदीत नाव येणार होतं, 'दिघंची पतंगे'. ब्लाउजच्या आतल्या पट्टीवरसुद्धा जिचं नाव कधी लागलं नाही, तिनं ते वहीच्या पुठ्ठ्यावर दोनदा लिहून पाहिलं होतं. राहिली होती फक्त शेवटची तपासणी.

मार्चच्या मध्यावर पेढीची तपासनीस आली. इक्रा मुलाणी, अठ्ठाविशीची, बोलायला मोकळी. तिचे वडील अण्णांचे विद्यार्थी, म्हणून तिनं आधी अण्णांना वाकून नमस्कार केला आणि मग पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढा बीजवाचक काढला. बियांचं पीठ करून आत टाकायचं, की यंत्र त्या पेन्सिलीच्या खुणा वाचून एक पट्टी छापायचं. कोरडे दिवस तपकिरी, ओले निळे.

इक्रानं वाफ्यातल्या पाच जागांचं बी घेतलं. पट्ट्या बाहेर आल्या. सुरुवातीला सलग तपकिरी, मधे पावसाच्या बारीक निळ्या रेघा, आणि शेवटच्या वितीभर भागात निळंच निळं.

"काकू, पाणी कधीपासून घालताय?" तिनं विचारलं.

"थेंब न्हाई घातला."

"मशीन म्हणतंय रोज घातलंय. सकाळचं. थोडंच, पाऊण पेला असेल. पण रोज. तेरा महिने झाले."

"मशीन चुकत आसंल."

"पाचही वेळा?" इक्रा हळूच म्हणाली. ती माती आणि पट्ट्या पिशवीत भरत होती, तिलाही वाईट वाटत होतं. "मातीचा अहवाल दोन दिवसांत येईल. पण काकू, नोंद खोटी निघाली तर हे एक वर्ष नाही, नऊच्या नऊ वर्षं रद्द धरतात. तुम्ही आधीही घालत नव्हता कशावरून, असं म्हणतात."

मोनालीला चारचौघांत कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. अण्णा दारात उभे होते. ते तसेच आत निघून गेले. मोनालीला वाटलं, त्यांनाही आपला संशय आला.

शनिवारी नवरा घरी आला. अमोल पठारावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. आई गेल्यापासून, म्हणजे बरोबर तेरा महिन्यांपासून, तो दर आठवड्याला घरी येऊ लागला होता. मोनालीनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सरळ विचारलं.

"वाफ्यात पाणी तुम्ही घालता का?"

"मी? आठवड्यातनं एक दिवस येणारा माणूस रोज पाणी कसा घालंल?"

"दुसऱ्या कुणाला सांगितलं आसंल. दया आली आसंल."

अमोलनं कप खाली ठेवला. "तुझ्या वाफ्यापायी मी माझ्याच परसात पाहुण्यासारखा कडंकडंनं चालतोय नऊ वर्षं. एकदा चप्पल पडली आत, तर काठीनं काढली. आणि तू माझ्यावर आळ घेतीस?"

तो दुपारचीच गाडी धरून परत गेला. मोनाली मशीनवर बसली, पण तिनं दोनदा उलटी बाही जोडली आणि उसवली.

सोमवारी इक्राचा निरोप आला. मातीत तांब्याचा अंश सापडला होता. अगदी थोडा, पण एकाच ठिकाणी, कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या झुडपाच्या बुंध्याशी, दगडाखाली. तिथून मुळांवरच्या बुरशीच्या धाग्यांनी पाणी सगळ्या वाफ्याला वाटून दिलं होतं.

तांब्याचं भांडं? मोनाली विचार करू लागली. घरात सगळं स्टीलचं. तांब्याचं म्हणजे फक्त सासूबाईंच्या पूजेचं ताम्हन, आणि ते देवांबरोबर लाकडी पेटीत बंद. सासूबाईंच्या तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांसमोर अण्णांनी खणखणीत आवाजात सांगितलं होतं, आता या घरात ही भानगड नको. तेव्हा मोनालीनंच देव कापडात गुंडाळून पेटीत ठेवले आणि पेटी अण्णांच्या खोलीत सरकवली.

अण्णा वाचनालयात गेलेले पाहून तिनं पेटी उघडली. पितळेचे देव तेरा महिन्यांत काळवंडायला हवे होते. खंडोबाचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे चिंचेनं घासल्यासारखे लखलखत होते. खालचं कापड दमट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती कॅन घेऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागच्या दारानं परत आली. अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून तिनं पाहिलं.

अण्णांना मांडी घालता येत नव्हती, गुडघे गेले होते. ते स्टुलावर बसून समोरच्या खुर्चीवर ताम्हन ठेवून एकेका देवाला पाणी घालत होते. मंत्र त्यांना येत नव्हते. चष्मा नाकावर ओढून, चौतीस वर्षं परीक्षानळी धरलेल्या हातांनी ते बाळकृष्णाला दोन बोटांत धरून पुसत होते आणि हलक्या आवाजात बोलत होते. "शालन, अमोल रागावून गेलाय. माझ्यामुळे गेला. मोनाली जेवली नाही काल. काय करू ते सांग." मग त्यांनी देव पेटीत ठेवले, ताम्हन दोन्ही हातांत धरून परसात गेले, कोपऱ्यातला दगड उचलला आणि पाणी त्याखाली सावकाश ओतलं. एक थेंब दगडाबाहेर पडू दिला नाही.

मोनाली भिंतीला टेकून उभी राहिली. तिला सगळं कळलं, आणि कळलं तेव्हा रडूच आलं. देवाच्या अंघोळीचं पाणी मोरीत टाकत नाहीत, ते पायदळी येऊ नये म्हणून झाडाला घालतात. तुळस तर राहिली नव्हती; ती वाळल्यापासून सासूबाई ते पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकायच्या, पण देव न मानणारे अण्णा ते कसे पिणार? घरादारात जिथं कुणाचाही पाय पडणार नाही अशी एकच जागा होती, आणि ती तिनंच नऊ वर्षं डोळ्यात तेल घालून राखली होती. सासूबाईंनी शेवटी त्यांच्याकडून काय मागून घेतलं असेल तेही तिला न सांगता समजलं. मरतानाही त्या बाईला एकच घोर होता, माझ्यामागं देव पारोसे राहतील.

त्याच दुपारी इक्रा आली. "काकू, एक वाट आहे," ती बसता बसता म्हणाली. "उन्हाळीच्या बियांचं टरफल टणक. सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही, काही मातीत तीन-चार वर्षं तसंच झोपून राहतं. तुमच्या वाफ्यात तेरा महिन्यांपूर्वीचं, पाण्याआधीचं बी असणारच. वाफा उकरून, माती चाळून ते काढता येईल. त्याचं टरफल बंद असल्यानं आतल्या खुणा जशाच्या तशा असतात. पण पेढी ते तेव्हाच घेईल, जेव्हा ज्यानं पाणी घातलं तो माणूस स्वतः लिहून देईल. कधी, किती, कशासाठी. आणि ते ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जाईल. नियमच आहे तसा."

मोनालीच्या डोळ्यापुढे तो हॉल आला. अण्णा ज्या व्यासपीठावरून उभं आयुष्य बोलले, ते व्यासपीठ. पुढच्या रांगेत त्यांचे जुने सोबती, मागे ज्यांच्या अंगातलं वारं त्यांनी उतरवलं ती माणसं. त्या सगळ्यांपुढे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला उभं करायचं? कशासाठी, तर नोंदीतल्या नावासाठी. अण्णा नसते तर ती नोंदही नसती.

"मीच घातलं," ती म्हणाली.

इक्रानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तांब्याच्या भांड्यानं? रोज सकाळी सात ते साडेसातच्या मधे? तेव्हा तर तुमचा अंगठा केंद्रावर लागलेला असतो."

"मीच घातलं म्हणून लिहा. मी घातलं आणि मी खोटं बोलले."

"मग झोपलेलं बीसुद्धा घेणार नाहीत, काकू. खोटं बोललेल्या माणसाचं घेत नाहीत."

"नका घेऊ."

तिनं सही केली. इक्रा गेल्यावर ती परसात जाऊन वाफ्याच्या कडेला बसली. झुडपांवर शेवटची चार फुलं होती. नऊ वर्षांत तिनं या झाडांना तहान तेवढी दिली होती, आणि त्यांनी तिला हिरवंपण दिलं होतं. ती पोटभर रडली, मग तोंड धुवायला उठली, आणि तेही पेलाभर पाण्यात.

ग्रामपंचायतीबाहेरच्या फलकावर दुसऱ्या दिवशी सूचना झळकली. 'वाण रद्द. श्रीमती मोनाली पतंगे यांनी स्वतः पाणी घातल्याचे व नोंद खोटी ठेवल्याचे मान्य केले आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत.' अण्णा वाचनालयातून येताना फलकापाशी थांबले. सवयीनं त्यांनी मजकूर दोनदा वाचला.

घरी आले ते थेट मशीनपाशी. मोनाली काजं करत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय अण्णा?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला येत नाही ते." ते बाजूच्या बाकावर बसले. "मी हिशेब केला होता. पाऊण पेला पाणी सगळ्या वाफ्यावर पसरलं तर कागदाच्या जाडीइतकंही होत नाही. नगण्य, असं ठरवलं. मुळं एकमेकांना पाणी पुरवतात हे मीच शिकवायचो वर्गात. पण माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली ना, की गणित बरोबर त्याच्या बाजूनं येतं."

"आईंनी सांगितलं होतं का?"

"हॉस्पिटलात. म्हणाली, तुम्ही मानू नका, पण त्यांना पारोसं ठेवू नका. मी हो म्हटलं. आणि तेराव्याला लोकांपुढे भलतंच बोलून बसलो. एकदा बोललो म्हटल्यावर तुमच्यापुढेसुद्धा मागं येता येईना." त्यांनी डोळे पुसले, चष्मा न काढताच. "तू सही का केलीस?"

"तुम्हाला तिथं उभं करवंना मला."

"तिथं उभं राहून मी चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, की पुरावा समोर आला की मान्य करा. आता पुरावा माझ्याविरुद्ध आलाय. मी गप्प बसलो तर ते सगळं फुकट गेलं म्हणायचं. तुझी नऊ वर्षं तर जातीलच, माझी चाळीसही जातील."

सुनावणीला हॉल भरला. अमोलही आला होता. अण्णांनी त्याला फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक, तो आल्याआल्या मोनालीशेजारी येऊन बसला. इक्रा व्यासपीठावर यंत्र घेऊन. अण्णा काठी टेकत वर गेले. हातात शाळेच्या प्रयोगवहीचं पान होतं, आणि त्यांनी ते प्रयोगवहीसारखंच लिहिलं होतं.

"उद्देश," त्यांनी वाचलं. "दिवंगत पत्नी शालन हिला दिलेला शब्द पाळणे. साहित्य, तांब्याचे ताम्हन, तिचे देव, पाऊण पेला पाणी. पाणी माझ्या स्वतःच्या पिण्याच्या कोट्यातले."

अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि पुढची ओळ धरली.

"कृती. रोज सकाळी सात वाजता, सून घरात नसताना, देवांना अंघोळ घालून ते पाणी उन्हाळीच्या वाफ्यात ओतले. सून निर्दोष आहे. तिची वही पहिल्या पानापासून खरी आहे. निरीक्षण. पाऊण पेला नगण्य असतो हे माझे गृहीतक चुकले." इथं ते थांबले. आवाज वर्गातलाच होता. "अनुमान. देव आहेत याचा पुरावा या तेरा महिन्यांत मला मिळाला नाही. ते मी आजही याच ठिकाणी उभा राहून सांगतो. पण शालन होती. तिच्याबद्दल मला शंका नाही."

त्यांनी पान घडी करून इक्राच्या हातात दिलं. हसू येईल असं मोनालीला वाटलं होतं, निदान मागच्या रांगेतून तरी. पण मागची रांग उठून उभी राहिली होती.

दोन दिवसांनी वाफा उकरला. झुडपं मुळासकट निघाली. अमोलनं माती उपसली, इक्रानं चाळणी धरली, मोनालीनं सुईत दोरा ओवणाऱ्या नजरेनं एकेक बी वेचलं. काळपट, टणक, झोपलेल्या सत्तावीस बिया. त्यातली एक यंत्रात गेली. पट्टी बाहेर आली ती टोकापासून टोकापर्यंत तपकिरी, मधे पावसाच्या बारीक रेघा. इक्रानं उरलेल्या सव्वीस बिया कागदात बांधल्या आणि वर नाव लिहिलं, 'दिघंची पतंगे'.

वाफा रिकामा झाला. पुढच्या सकाळी मोनाली पाण्याला निघायच्या बेतात होती तेव्हा अण्णा ताम्हन घेऊन परसात आले. दार आता लोटलेलं नव्हतं. ते उकरलेल्या मातीपुढे थांबले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्या परसात दगड आणि माती. पाणी ओतायला घरात एकही झाड नव्हतं. ऐंशी वर्षांचा माणूस दोन्ही हातांत ताम्हन धरून उभाच राहिला.

मोनालीनं कॅन खाली ठेवला, त्यांच्यासमोर गेली आणि ओंजळ पुढे केली.

"इकडं द्या."

"अगं, ते उकळलेलं नाही," अण्णा म्हणाले. "आणि ताम्हनातलं तांबंही उतरलंय त्यात."

"मग उद्यापासून देवांना स्टीलच्या वाटीत घ्या. पाणी मी उकळून गार करून ठेवते."

अण्णांनी थोडा विचार केला. आक्षेप घ्यायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तिच्या ओंजळीत घोटभर पाणी ओतलं, आणि उरलेलं स्वतः प्यायले.